टक्का वाढला तेव्हा

२०२५च्या फेब्रुवारीत आमच्या सासूबाई रोज एकच आकडा शोधायच्या. ‘२०२४ वायआर४’ हा साधारण ६० मीटरचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एक टक्क्यावरून ३.१ टक्क्यांवर गेली होती. “अगं, नातू तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा असेल,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “आई, कुडी हरवली की आपण एकेक खोली झाडतो. तीन खोल्या झाल्या की स्वयंपाकघरावरचा संशय वाढतो. कुडी हललेली नसते, शोधायची जागा कमी झालेली असते.”

लघुग्रहाचंही तसंच. चिलीतल्या दुर्बिणीला तो २७ डिसेंबर २०२४ला दिसला. सूर्याभोवती त्याची फेरी चार वर्षांची, आणि हाती माग थोड्याच आठवड्यांचा. नव्या निरीक्षणांनी २०३२मधल्या त्याच्या संभाव्य वाटांचा पट्टा अरुंद होत गेला. पृथ्वी मात्र त्यातच राहिली, म्हणून टक्का चढला. मग पट्टा पृथ्वीपासून बाजूला सरकला आणि महिनाअखेरीस धोका जवळजवळ शून्यावर आला.

पण सासूबाईंना झोप त्याआधीच लागू लागली होती. टक्का चढताच त्या म्हणायच्या, “म्हणजे अजून खोल्या झाडणं चाललंय.”