फुकट दारूवरची टिप

आईबाबांना मायामीहून सात दिवसांच्या क्रूझवर नेलं. जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं, 'ड्रिंक पॅकेज फ्री'. पैसे भरताना खाली एक ओळ उगवली : ग्रॅच्युइटी, माणशी 152.60 डॉलर.

हिशेब असा. पॅकेजची किंमत दिवसाला 109 डॉलर, ती माफ. पण तिच्यावरची 20 टक्के टिप सक्तीची, म्हणजे रोज 21.80 डॉलर. किंमत ठरवणारी कंपनीच, माफ करणारीही तीच. आई दारूला शिवत नाही, बाबांची झेप एका बिअरपर्यंत.

बाबा म्हणाले, "ग्रॅच्युइटी मला रिटायर झाल्यावर मालकाने दिली होती. ही मी का भरायची?"

खरं तर त्यांनी नेमकं बोट ठेवलं. मोठ्या क्रूझ बहुतेक बहामा, पनामा अशा देशांच्या झेंड्याखाली नोंदवलेल्या असतात. अमेरिकेचा किमान वेतन कायदा त्यांवरच्या कामगारांना लागू होत नाही. मालकाने द्यायचं ते मग प्रवाशाकडून टिप म्हणून घ्यायचं. आणि भांडायचं कुणाशी? समोर उभा असतो बारटेंडर. तक्रार केली तर त्याच्याच पोटावर पाय. (कंपनीला हे किती सोयीचं!)

आमचा बारटेंडर सासष्टीचा, गोंयकार. आईला लिंबूसोडा द्यायचा, काकू म्हणायचा. तिने एकदा सरळ विचारलं, "आमच्या पैशातले तुला किती मिळतात रे?"

तो नुसता हसला आणि ग्लास पुसत राहिला.

शेवटच्या रात्री तिने 20 डॉलरची नोट त्याच्या मुठीत कोंबली. बाबांनी तीही खर्चात लिहिली, पण वेगळ्या पानावर.