हिट गाण्यांचा बुधवार

आमच्या पिढीच्या घरात ‘हिट’ हा शब्द बुधवारी रात्री आठ वाजता यायचा. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची आणि कुठलं गाणं कितव्या पायदानावर, हे अमीन सयानी सांगायचे. १९५२ साली हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच काळात बाळकृष्ण केसकर या आपल्या मराठी मंत्र्यांनी आकाशवाणीची दारं सिनेसंगीताला जवळजवळ बंद केली आणि अख्खा देश सिलोनकडे वळला.

शब्द मात्र फार जुना. इंग्रजीत तो नॉर्स भाषेतून आला आणि तिथे त्याचा अर्थ होता गाठ पडणं, सापडणं. मारणं, नेम लागणं हे पुढचे अर्थ, लोकप्रियतेचा त्याहून पुढचा. आम्हाला तो पहिलाच अर्थ पटतो, कारण गाण्याची गाठ पडावी म्हणून केवढा खटाटोप! व्हॉल्व्हचा रेडिओ तापायला वेळ घेई, म्हणून तो आधीच लावून ठेवायचा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल ताणलेली. काटा केसभर सरकला की नुसती खरखर. ताई वहीत पायदानाचा आकडा घालून गाणं लिहून घ्यायची आणि ऐन पहिल्या क्रमांकाच्या गाण्याला आवाज विरला की सगळे रेडिओला कान लावायचे.

आता गाणं खिशात असतं आणि त्याचा आकडा त्याच्याखालीच दिसतो. २०१२ च्या डिसेंबरात ‘गंगनम स्टाइल’ यूट्यूबवर १०० कोटी वेळा पाहिलं गेलं. मुलं तर हिटही म्हणत नाहीत, व्हायरल म्हणतात.

तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं नाही. क्रमवारी ठरायची रेकॉर्डच्या खपावर आणि श्रोता संघांच्या पत्रांवर. ज्याच्या घरी ग्रामोफोन नाही, त्याची आवड कोण मोजणार? मराठी गाण्याला तिथे जागा नव्हती. रेडिओचं बटण वडिलांच्या हातात. ते चिडलेले असले की बुधवार बुडाला. आज खेड्यातली मुलगी मोबाइलसमोर गाते आणि लाखो लोक ऐकतात, याचा मनापासून आनंद होतो.

पण सगळ्या आळीने एका वेळी एकच गाणं ऐकणं संपलं. गुरुवारी वर्गात ‘काल पहिलं कुठलं?’ असं विचारलं जायचं, उत्तर सगळ्यांना ठाऊक असूनही. आज एका घरात चौघांच्या कानांत चार गाणी.

तुमच्या माळ्यावर पायदानांची तशी एखादी वही निघाली तर रद्दीत घालू नका. घरातल्या पोरांना शेजारी बसवा आणि त्यातली गाणी एकत्र ऐका.