झांकून ठेविलेली गाडी

आमच्या मुरबाडच्या घराच्या पडवीशेजारीं एक मारुती ८०० उभी असते. ह्या जातीची गाडी १९८३ सालीं बाजारांत आली व २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास. गाडी आमच्या हवालीं. मी तिची धूळ रोज पुसावी, दसऱ्यास झेंडूची माळ घालावी, आणि वर आच्छादन ओढून समाधान मानावें. चालविणें मात्र क्वचितच. उगाच झिजवावी कशाला, हा माझा हिशेब.

गेल्या आषाढांत एका रात्रीं आमच्या वहिनींना एकाएकीं धाप लागली. बाहेर मुसळधार पाऊस. मीं किल्ली फिरविली. 'टक्' असा आवाज झाला, पुढें कांहींच नाहीं. शेजाऱ्यांच्या जीपनें कल्याण गांठलें, म्हणूनच वहिनी आज आमच्यांत आहेत. त्या वेळीं माझ्या हातास सुटलेला कंप मी अद्याप विसरलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गाडी पहावयास आलेला मेकॅनिक माझाच जुना विद्यार्थी निघाला. तो भीत भीत म्हणाला, "गुरुजी, आवृत्ति सुटली कीं पाठांतर जातें, असें तुम्हीच सांगत होतां. गाडीचेंही तसेंच आहे."

मग त्यानें मला पाठ दिला. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरत जाते. पांच मिनिटें इंजिन चालविल्यानें ती भरत नाहीं. उलट इंजिन पुरतें न तापल्यामुळें पाण्याचा अंश तेलांत व सायलेन्सरमध्यें सांचतो. हँडब्रेक ओढून ठेविल्यास पावसाळ्यांत ब्रेक गंजून चिकटतात. त्यापेक्षां गाडी गिअरमध्यें ठेवून चाकांस दगड लावावा. टायर एकाच जागीं दबतात. हल्लींच्या पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, तें हवेंतील ओल शोषून घेतें. शिवाय भाताच्या कणगीपाशीं वावरणारे उंदीर वायरी कुरतडतात, ते निराळेच!

आतां दर रविवारीं सकाळीं अर्धा-पाऊण तास मी गाडी सरळगांवच्या रस्त्यानें नेतों. शेजारीं वहिनी बसतात. पहिल्याच रविवारीं त्या बाहेर पहात म्हणाल्या, "भाऊजी, हे गेल्यापासून मी गांवाबाहेर पडलें, तें फक्त दवाखान्यासाठीं."

मी निरुत्तर झालों. झिजूं नये म्हणून आम्हीं गाडी झांकून ठेविली होती. घरांतलें वडीलधारें माणूसही तसेंच मायेनें झांकून ठेविलें होतें, हें मला तोंवर दिसलेंच नव्हतें.

पौषी पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरेल. वहिनींना तेथें घोंगडी घ्यावयाची आहे. टायरांतील हवा मीं आजच पाहून ठेविली आहे.