वारीची वळकटी

प्रवास गाडीचे चाक हलल्यावर सुरू होतो, असा बहुतेकांचा समज असतो. परंतु तो खरा नाही. माळ्यावरची ट्रंक खाली उतरते, तिच्यावरची धूळ झटकली जाते आणि ‘बरोबर काय काय न्यायचे?’ हा प्रश्न घरात उभा राहतो, त्या क्षणीच प्रवासाला आरंभ झालेला असतो. एकट्यादुकट्या माणसाला हा प्रश्न तासाभरात सोडवता येतो. चार माणसांच्या कुटुंबाला त्यासाठी दोन दिवस पुरत नाहीत. मग जिथे शेकडो माणसांना मिळून कित्येक दिवस चालत जायचे असते, तिथे हा प्रश्न किती बिकट होत असेल!

पूर्वी आपल्या देशात लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडत. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला 1632 मध्ये वाटेत असा एक तांडा भेटला. त्यात 14,000 बैल होते आणि सारे धान्याने लादलेले होते. बायकामुले, भांडीकुंडी, सगळा संसार या लोकांच्या बरोबरच चाले. पुढे आगगाडी आली, सडका झाल्या आणि त्या तांड्यांचा व्यापार संपला. तरीही त्याहून कितीतरी मोठा असा एक तांडा महाराष्ट्रात आजही दरवर्षी पायी निघतो. तो व्यापारासाठी निघत नाही. त्याला आपण वारी म्हणतो.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकाराम महाराजांची आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपुरास जाण्यासाठी निघते. आळंदीपासून पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत वारकरी आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचतात. हे सारे लोक एकेकटे चालत नाहीत. त्यांच्या दिंड्या असतात. दिंडी म्हणजे चालता संसारच. टाळ, मृदंग, वीणा आणि पताका घेऊन माणसे पायी चालतात आणि त्यांचे सामान ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला जाते.

दहिसर हे पश्चिम रेल्वेवरचे मुंबईचे शेवटचे स्थानक. 1957 साली बृहन्मुंबईची हद्द वाढली, तेव्हा दहिसर तिच्यात सामील झाले. गावाला आपल्या नावाची नदी आहे. ती जवळच्या राष्ट्रीय उद्यानातील डोंगरातून उतरते आणि पावसाळ्यात फुगून वाहते. या नदीकाठच्या एका वस्तीतून काही मंडळी दरवर्षी वारीला जात असत. त्यांत एक आजीबाईही होत्या. परंतु 2020 साली करोनाची साथ आली आणि पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. 2021 मध्येही तसेच घडले. आजीबाईंची वळकटी दोन वर्षे माळ्यावर तशीच गुंडाळलेली पडून राहिली.

2022 साली पायी वारी पुन्हा सुरू होणार, असे जाहीर झाले. आळंदीहून पालखीचे प्रस्थान 21 जूनला होते. आजीबाईंनी त्याच दिवशी नातीला माळ्यावर चढवले आणि वळकटी खाली काढवली. वळकटी होती तशीच होती. आजीबाईंचा उजवा गुडघा मात्र तसा राहिलेला नव्हता. जिना चढताना त्या आता मधल्या पायरीवर थांबत. मुलगा म्हणाला, “आई, यंदा राहू दे. टीव्हीवर सगळे दिसते.” आजीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी नव्या चपला काढल्या आणि घरातल्या घरात घालून फिरायला लागल्या. कारण कोऱ्या चपला घालून वारीला निघालेल्या माणसाच्या पायांना पुण्याच्या आतच फोड येतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या घरापासून दहिसर स्थानकापर्यंत चालत जात आणि चालत येत. आठवडाभराने मुलाने विरोध सोडला. पण पुण्यात गुडघा सुजला तर तिथूनच गाडीने परत यायचे, असे वचन मात्र त्याने आईकडून घेतले.

मग तयारीला खरा रंग चढला. नात सातवीत होती. यादी लिहिण्याचे काम तिच्याकडे आले. आजीबाईंनी सांगितलेल्या वस्तू बाराच होत्या: दोन सुती लुगडी, पांघरूण, सतरंजी, ताट, वाटी, तांब्या, टाळ, हरिपाठाची पोथी, विजेरी, पावसाचे प्लॅस्टिक आणि रक्तदाबाच्या गोळ्या. पण घरात माणसे होती आणि प्रत्येकाला आजीबाईंची काळजी होती. मुलाने गोळ्यांची दुप्पट पाकिटे आणली. त्यांत तापाच्या, खोकल्याच्या, पोटदुखीच्या गोळ्यांची भर घातली. सुनेने दोन लुगड्यांची पाच केली. “पावसात वाळणार नाहीत, आई,” हे तिचे म्हणणे खोटे नव्हते. कारण त्याच आठवड्यात दहिसरला पाऊस लागला होता आणि घरभर बांधलेल्या दोऱ्यांवर धुतलेले कपडे दमट वासाने लोंबत होते. शेजारच्या काकूंनी लाडू, चिवडा आणि लोणच्याची बरणी पाठवली. नातीने मोबाईल, त्याचा चार्जर आणि चार्जर बिघडला तर दुसरा चार्जर, अशी त्रिवेणी योजना मांडली. कोणी फुगवायची उशी आणली, कोणी घडीची खुर्ची. शेवटी नातीने यादी मोठ्याने वाचली, तेव्हा ती सत्तेचाळीस वस्तूंची भरली होती!

इकडे दिंडीचीही तयारी चालू होती आणि तिची यादी याहून लांब होती. दिंडीत जेवणखाणासाठी जो तो आपला वाटा भरतो; त्याला वारकरी भिशी म्हणतात. भिशी गोळा झाल्यावर दिंडीप्रमुखांनी तांदूळ, डाळ, पीठ, तेल, मीठमसाला यांचा हिशेब मांडला. राहुट्या, म्हणजे मुक्कामाचे तंबू, पसरून पाहिले, तर दोन वर्षांत उंदरांनी दोन राहुट्यांना भोके पाडली होती. ती शिवून घ्यावी लागली. बांबू मोजले, खुंट्या मोजल्या; खुंट्या अकरा कमी भरल्या. मोठी पातेली कल्हईला टाकली. ट्रक ठरला, त्याच्यासाठी वारीच्या मार्गावरचा परवाना काढला, चालकाला मुक्कामांची यादी दिली. एवढे झाले आणि ट्रक कसा भरायचा यावर जाणत्यांमध्ये वाद सुरू झाला.

बाहेरून पाहणाऱ्याला हा वाद क्षुल्लक वाटेल. परंतु तो तसा नाही. समजा, घाईघाईने राहुट्या आधी आत टाकल्या आणि त्यांच्यावर धान्याची पोती रचली. संध्याकाळी मुक्कामाला पाऊस पडतो आहे, माणसे वीस किलोमीटर चालून आली आहेत आणि राहुट्या तर तळाशी आहेत! अशा वेळी राहुट्या काढायच्या म्हणजे सगळी पोती पावसात उतरवावी लागणार. म्हणून अनुभवी माणसे उलट्या बाजूने विचार करतात. जे सर्वांत शेवटी लागणार ते सर्वांत आधी भरायचे आणि जे उतरताक्षणी लागणार ते सर्वांत शेवटी. मुक्कामाला पोचल्याबरोबर आधी निवारा लागतो, मग चूल, मग अंथरूण. त्या क्रमाच्या नेमक्या उलट क्रमाने ट्रक भरला जातो. मुले शाळेचे दप्तर भरतानाही हा नियम वापरून पाहू शकतील.

सामानाबद्दल दिंडीचा दुसराही एक नियम होता. माणशी एक पिशवी आणि एक वळकटी. आणि ही पिशवी ज्याची त्याला स्वतः उचलता आली पाहिजे. कारण मुक्कामाला सगळ्यांच्या पिशव्यांचा एकच ढीग पडतो. अंधार असतो, चिखल असतो आणि प्रत्येकाला आपली पिशवी हुडकून राहुटीपर्यंत न्यायची असते. दुसऱ्याने ती किती दिवस उचलावी? पिशव्या एकसारख्या दिसतात, म्हणून त्यांच्यावर तैलरंगाने नाव आणि दिंडीचे नाव लिहितात, बंदाला रंगीत चिंधी बांधतात. नातीने आजीच्या पिशवीला आपल्या जुन्या फ्रॉकची पिवळी पट्टी बांधली.

निघण्याच्या आदल्या रात्री आजीबाईंनी पिशवी उचलून पाहिली. ती जागची हलेना. मुलगा पुढे झाला, “मी ट्रकपर्यंत आणतो ना, आई.” “दहिसरला आणशील रे,” आजीबाई म्हणाल्या, “लोणंदला कोण आणणार?” मग त्या खाली बसल्या आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागल्या. खुर्ची निघाली, उशी निघाली, तीन लुगडी निघाली, दुसरा चार्जर निघाला. तापाच्या आणि खोकल्याच्या गोळ्या निघाल्या. कारण वाटेवर ठिकठिकाणी दवाखाने असतात आणि तिथे वारकऱ्यांना औषध मिळते. लाडूचिवडा निघाला, कारण वारीच्या वाटेवरची गावे वारकऱ्याला उपाशी जाऊ देत नाहीत. प्रत्येक वस्तू बाहेर पडताना मुलाचा चेहरा थोडा उतरत होता. त्या वस्तू नव्हत्याच. ती त्याची काळजी होती आणि आई ती एकेक करून त्याला परत देत होती. हे आजीबाईंच्याही ध्यानात आले असावे. तळाशी गुडघ्याला बांधायचा पट्टा होता. मुलाने तो त्याच दिवशी आणला होता. त्यांनी तो हातात घेतला, क्षणभर पाहिला आणि पुन्हा पिशवीत ठेवला.

पुण्यात पालखीचा मुक्काम दोन रात्री असतो. तिथून सासवडला जायचे म्हणजे वारीतली सर्वांत मोठी मजल, सुमारे तीस किलोमीटर, आणि वाटेत दिवेघाटाची चढण. दुसऱ्या रात्री घरी फोन आला. गुडघा दुखत होता, पण सुजला नव्हता. आजीबाईंनी पट्टा बांधून घाट चढला. पुढे दोन मजला मात्र त्यांनी ट्रकमध्ये बसून काढल्या आणि घरी तसे न लपवता सांगितले. लोणंदला त्यांच्या पिशवीचा बंद तुटला. सत्तेचाळीस वस्तूंच्या यादीत सुईदोरा कोणालाच सुचला नव्हता! परभणीकडची एक बाई शेजारी उतरली होती. “आणा इकडं, माऊली,” असे म्हणून तिने आपल्या कनवटीची सुई काढली आणि बंद शिवून दिला. वारीत माणसे एकमेकांना माऊली म्हणतात, म्हणजे आई म्हणतात. आणि पुष्कळदा ते आईसारखे वागतातही. 9 जुलैला, दशमीच्या दिवशी, दिंडी पंढरपुरात शिरली तेव्हा पिवळ्या पट्टीची ती पिशवी आजीबाईंच्या खांद्यावर होती.

सामानात काही भाग गरजेचा असतो आणि काही भाग भीतीचा. एकट्याने निघणाऱ्याला भीतीचा भागही वाहावा लागतो. कारण काही चुकले तर त्याला सावरणारे कोणी नसते. सोबतीने निघणाऱ्याचे तसे नाही. एकाच्या पिशवीत दोरी असते, दुसऱ्याच्या पिशवीत चाकू, तिसऱ्याजवळ सुई. लमाणांच्या तांड्यातही असेच चालत असले पाहिजे. एरवी चौदा हजार बैलांचा कारभार एवढ्या लांबच्या वाटेवर निभावला नसता.

वारीतील एक प्रथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. संध्याकाळी पालखी तळावर येते, तिच्याभोवती सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात आणि समाजआरतीची वेळ होते. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार आपला चोप, म्हणजे काठी, उंच करतात आणि सारा तळ एकाएकी शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते. मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. त्याच वेळी वाटेत कोणाला काय सापडले, कोणाचे काय हरवले, हेही सर्वांना ऐकवले जाते. कोणाचा चष्मा असतो, कोणाचे पाकीट असते, कोणाची पिशवी असते. नाव पुकारले जाते, गर्दीतून एक हात वर होतो आणि वस्तू हातोहात पुढे सरकत आपल्या धन्याकडे जाऊ लागते. मग आरती होते, राहुट्यांतून चुलींचा धूर दिसू लागतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक कोणी भरायचा, याची बोलणी सुरू होतात.