कापड ओलं करून बघावं

तिरुप्पूरला होजिअरीचं कापड मीटरवर नाही, किलोवर विकतात. ठाण्यात मी धावणाऱ्या बायकांसाठी कपडे शिवायचा उद्योग सुरू केला, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्याने डिझाइनबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, "जीएसएम किती हवा?" म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. दीड मीटर पन्ह्याचं २५० जीएसएमचं कापड किलोला पावणेतीन मीटरही भरत नाही, १५० चं मात्र जवळजवळ साडेचार मीटर उतरतं. जाडी ठरली की मीटरला पडणारा भाव ठरला. पण ठरल्याहून पातळ माल बाजारात सर्रास येतो. नमुना २५० चा आणि रोल २२० चा, असा माल माझ्याही दारात उतरलाय. आता माल आला की मी आधी गोल कटरने शंभर चौरस सेंटिमीटरची चकती कापते आणि काट्यावर ठेवते. जितके ग्रॅम भरतील त्याला शंभराने गुणलं की जीएसएम कळतो. मग व्यापाऱ्याने काहीही सांगो.

हा हट्ट पैशांपुरता नाही. पातळ कापडाच्या लेगिंगमध्ये नुसतं उभं राहिलं तर काही कळत नाही, खाली वाकलं की सगळ्या जगाला कळतं. ताणलं की कापड विरळ होतं, हे उघड आहे. म्हणून मी कापड दोन्ही बाजूंनी ताणून वर्तमानपत्रावर धरते. मथळे वाचता आले तर ते कापड लेगिंगसाठी बाद. मग दहा सेंटिमीटरवर खुणा करून पंधरापर्यंत ओढायचं, सोडायचं, जरा थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. साडेदहा भरलं, तर महिन्याभरात गुडघ्याला फुगे येणार. 'फोर-वे लायक्रा' म्हणून विकलं जाणारं सगळंच कापड चारी बाजूंना ताणतं, पण ताणल्यावर परत येतंच असं नाही. लायक्रा, म्हणजे इलास्टेनचा धागा, वीस टक्क्यांच्या आसपास असलेलं नायलॉन मला लेगिंगसाठी सगळ्यात भरवशाचं वाटतं. ते पॉलिस्टरहून महाग पडतं, पण अंगाला मऊ लागतं आणि घासणीला टिकतं. भडक छपाई हवी असेल तर मात्र पॉलिस्टरच घ्यावं लागतं, कारण सब्लिमेशनचा, म्हणजे उष्णतेने चढवायचा रंग त्यावरच नीट बसतो.

टीशर्टवरून खरं भांडण झालं ते आमच्या धावण्याच्या ग्रुपमधल्या बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकूंशी. "अगं, मला कॉटनच दे. ते प्लॅस्टिक नको अंगाला." मी सुती आणि पॉलिस्टर असे दोन टीशर्ट शिवून दिले आणि जुलैमध्ये सारखंच अंतर एकेक टीशर्ट घालून धावायला सांगितलं. आल्या आल्या टीशर्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर. सुती टीशर्ट कोरड्या वजनाच्या जवळपास दुप्पट भरला. यात नवल नाही. नेहमीच्या हवेतच सूत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून बसतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. भिजलेलं सूत अंगाला चिकटतं आणि काखेत, मांडीत सोलतं.

काकू मात्र एका बाबतीत बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "वास कुणाचा जास्त येतो ते बघ." बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली व्यायामानंतरच्या टीशर्टांवर हेच तपासलं होतं. पॉलिस्टरचा वास जास्त त्रासदायक ठरला, कारण दुर्गंधी करणारे मायक्रोकोकस जातीचे जिवाणू त्यावर जोमाने वाढतात. म्हणून योगासाठी मी अजूनही सुती कापडच देते, पाच टक्के लायक्रा घालून. चटईवर संथ आसनं करताना कुणी घामाने निथळत नाही.

'घाम शोषून झटपट सुकणारं' या जाहिरातीवर माझा राग आहे. धाग्यांमधल्या बारीक फटींतून घाम कापडाच्या बाहेरच्या बाजूला येतो, इथपर्यंत ते खरं. पण पुढे तो सुकायला हवा कोरडी लागते. मुंबई-ठाण्याच्या पावसाळी हवेत तो सुकतच नाही, ओघळून मोज्यांत उतरतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी नेमकी याच हवेत करावी लागते. इथे घाम ओढणाऱ्या फिनिशपेक्षा विणीची उघडी छिद्रं आणि कमी वजन जास्त कामाला येतं. त्यात स्वस्त फिनिश हे नुसतं वरून चढवलेलं रसायन असतं, ते धुण्यागणिक उतरतं. मी नमुना आधी भरपूर वेळा धुऊन घेते, मग त्यावर पाण्याचा थेंब टाकते. थेंब पसरला तर ठीक, मोत्यासारखा उभा राहिला तर रोल परत. टीशर्टला १४० जीएसएमच्या आतबाहेरचं, उघड्या छिद्रांच्या विणीचं डॉट निट मला पुरतं.

कापड कापणाऱ्या मास्तरांचा आणि माझा वाद कापायच्या वेळी होतो. रोलवर ताणून गुंडाळलेलं लायक्राचं कापड रात्रभर सैल पसरून ठेवल्याशिवाय मी कात्री लावू देत नाही. नाहीतर कापल्यावर ते आवळतं आणि 'एल'चं 'एम' होतं. "मॅडम, जागा कुठंय?" हे त्यांचं रोजचं.

तुम्ही विकत घेणार असाल तर दुकानात फक्त हात फिरवून ठरवू नका. ट्रायल रूममध्ये उजेडाकडे पाठ करून आरशासमोर वाका. घरी आणल्यावर गार पाण्यात धुवा, सॉफ्टनर घालू नका, कारण त्याचा थर बसला की कापड पाणी ओढत नाही. आणि लायक्राला इस्त्री अजिबात लावू नका.