अ‍ॅलेग्रेट्टोची चाल

बीथोव्हेनच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा खंड किती गतीने वाजवावा, हा वाद जुना आहे. तो केवळ जाणकारांचा वाद आहे, असे मला कधी वाटले नाही. फुंकवाद्यांचा एक करुण स्वरमेळ उमटून विरतो आणि मग व्हियोला, चेलो व डबल बास खालच्या स्वरांत पावले टाकू लागतात : एक लांब, दोन आखूड, दोन लांब. ही पावले शवयात्रेची की वाटसरूंची, हे लयीवरूनच ठरते.

खंडावर शब्द आहे ‘अ‍ॅलेग्रेट्टो’. आपल्या मध्यलयीच्या जवळपासचा. मेल्त्सेलने १८१५ साली मेट्रोनोमचे पेटंट घेतले आणि १८१७ साली बीथोव्हेनने आपल्या आठ सिम्फनींच्या गतींचे आकडे प्रसिद्ध केले. या खंडाला त्याने मिनिटाला ७६ मात्रा दिल्या. त्या हिशेबाने खंड साधारण सव्वासात मिनिटांत संपावा. फुर्टव्हेंगलर यांच्या ध्वनिमुद्रणात त्याला सुमारे दहा मिनिटे लागतात.

आईच्या निधनानंतर कित्येक महिने मी तेच संथ ध्वनिमुद्रण ऐकत असे. शोकाला त्यात ऐसपैस जागा होती. पुढे रॉजर नॉरिंग्टन यांचे, १९८०च्या दशकाच्या अखेरीचे, बीथोव्हेनचे आकडे मानणारे ध्वनिमुद्रण हाती आले. पहिल्या मिनिटातच मला राग आला. दफनविधी उरकून मंडळी बसगाडी गाठायला निघावीत, तसे वाटले. शेजारी बसलेला धाकटा भाऊ मात्र म्हणाला, “दादा, ही तर आईची चाल!” खरेच होते. डोक्यावर भाजीची पाटी असो की हातात जपमाळ, आई कधी रेंगाळून चालली नाही.

बीथोव्हेनचा मेट्रोनोम बिघडलेला असावा, असे काही जण म्हणतात. ही पळवाट मला पटत नाही. मात्र आकडा म्हणजे आज्ञा, हेही खुद्द त्याने मानले नव्हते. एका गीताच्या हस्तलिखितावर त्याने नोंदवले आहे की दिलेला आकडा सुरुवातीच्या मापांपुरताच. भावनेला तिची स्वतःची लय असते. शिवाय सभागृहाचे काय? उंच छताच्या, घुमणाऱ्या वास्तूत ७६च्या गतीने आखूड स्वर एकमेकांत मिसळतात, तेथे संचालकाला थोडे थांबावेच लागते.

पण किती? माझी कसोटी खंडाच्या मधल्या भागात आहे. तेथे मायनर सरून मेजर येतो आणि क्लॅरिनेट व बसून गाऊ लागतात. फार संथ लयीत हे गाणे श्वासागणिक तुटते, खालची तीन-तीन स्वरांची हालचाल जड होते. ७०च्या आसपास ते सहज वाहते, आणि आरंभीची पावलेही पावलेच राहतात. फुर्टव्हेंगलर यांची तबकडी मी अजून जपली आहे. भाऊ घरी आला की दुसरी लावतो.