वंशावळीचा तास

आज वर्गात रिव्हर्सची वंशावळ पद्धत घेतली. 1898 साली टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर त्याने नाती विचारत कागद भरले, आणि मानववंशशास्त्राला कायमचे हत्यार मिळाले. त्रिकोण पुरुष, वर्तुळ बाई, बरोबरचे चिन्ह म्हणजे लग्न. चिन्हे मुलांना लगेच येतात. माणसांना बोलते करणे येत नाही.

*

मारुंजीची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे ही स्टॅम्पपेपरवर आहे." वर्ग हसला. खोटे काय त्यात? हिंजवडीच्या आयटी पार्कामुळे शेजारच्या जमिनींना भाव आला आणि वारसनोंद, फेरफार, हक्कसोड हे शब्द पोरासोरांच्या तोंडी बसले. आम्ही ओट्यावर संध्याकाळी घालवून जे काढायचो, ते इथे वकिलाच्या फायलीत तयार.

*

जुन्या वह्या काढल्या. मावळातली घरे. मुलगे नावानिशी, तीन-चार पिढ्या. मुलींपाशी नुसते "दोन दिल्या, एक चाकणला, एक तळेगावला." नाव विचारले की कारभारी आत हाक द्यायचा, "थोरलीचं सासरचं नाव काय गं?" आतून उत्तर यायचे, कधी दोन उत्तरे यायची.

आता तशाच घरांत आत्याचे पाळण्यातले नाव, सासरचे नाव, आधारवरचे नाव, सगळे पाठ. 1994 ला महाराष्ट्राने आणि 2005 ला केंद्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला. आत्याच्या सहीशिवाय बिल्डर पुढे सरकत नाही. भाऊ पेढे घेऊन जातो, कागदही सोबत.

*

नायजेरियातल्या टिव लोकांच्या वंशावळी इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवल्या. पुढच्या पिढीला त्या चुकीच्या वाटल्या. दरम्यान हक्क बदलले होते, आणि त्यांच्याबरोबर लोकांच्या तोंडच्या वंशावळीही. यावरचा लॉरा बोहॅननचा 1952 चा लेख मी दरवर्षी लावते. यंदा उदाहरणाला नायजेरियापर्यंत जायची गरज पडली नाही.

*

इरावतीबाई कर्व्यांचे नातेव्यवस्थेवरचे पुस्तक 1953 चे. पुढे जाई निंबकरांबरोबर त्यांनी कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी केली. त्यांनी दोन्ही पाहिले; नाती आणि जमीन वेगवेगळ्या पेपरांत शिकवतो आपण. अभ्यासक्रमातली ही वाटणी मला कधीच पटली नाही.

*

पुढच्या आठवड्यासाठी: स्वतःच्या घराची वंशावळ आणा. घरातल्या सर्वांत थोरल्या बाईला विचारा, वडिलांना नको. फेरफाराचा उतारा नंतर काढा आणि कोणती नावे त्यात नाहीत, त्यांची वेगळी यादी करा.